ओरडणारी इंजिनं, फुंकणारी इंजिनं

माझ्या टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी एक मेलेला टर्बो असतो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र. कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय असं मी सगळ्यांना सांगतो, पण खरं म्हणजे ती माझ्याच गाढवपणाची आठवण आहे. एका बाजूला ॲल्युमिनियमचा पांढरट शंख, दुसऱ्या बाजूला तसाच शंख पण ओतीव लोखंडाचा, तापून तापून तांबूस-काळा झालेला, आणि दोन्हींच्या मधून जाणारा एक दांडा, माझ्या करंगळीपेक्षा बारीक. दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं. धडधाकट टर्बोत या चाकाला बोटाने टिचकी मारली की ते बराच वेळ गुपचूप गरगरत राहतं. माझ्यातलं अर्धा फेरा मारून खर्रकन अडकतं, आणि दांडा धरून हलवला तर दुधाचा दात हलावा तसा डुगडुगतो. पात्यांची टोकं आतल्या भिंतीला घासून तिथे एक चकचकीत गोल रेघ उमटलीय.

मारला मीच. सेकंडहँड गाडी होती, हायवेवर ताणायची, पोचलो की लगेच इंजिन बंद करायचं आणि उतरायचं. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं की जोरात चालवल्यावर मिनिटभर आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ठेवा. पण पुस्तिका वाचतो कोण? तेलाचा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद झालं की तेल थांबलं, इकडे टर्बाइन, म्हणजे गरम वायूने फिरणारं चाक, अजून लालबुंद, मग बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी जळून त्याचा कोळसा होतो, रोज थोडा थोडा. लाखभर आरपीएमने (मिनिटाला फेरे) फिरणारा दांडा धातूवर टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थरच गेला की खेळ खल्लास. मेकॅनिकने काढून माझ्या हातात दिला तेव्हा अजून कोमट होता.

आणि तेव्हा मनात काय आलं सांगू? बरं झालं. कारण त्या काळात मी कट्टर एनएवाला होतो, एनए म्हणजे नॅचरली ॲस्पिरेटेड, टर्बोशिवायचं इंजिन. टर्बो म्हणजे चीटिंग, टर्बो म्हणजे उधारीची ताकद, खरं इंजिन तेच जे स्वतःच्या दमावर हवा ओढतं, वगैरे वगैरे. गाडी टर्बो घेतली ती स्वस्तात मिळाली म्हणून, तत्त्व म्हणून नाही. मेलेला टर्बो हातात घेऊन मला वाटलं, बघा, मी म्हणत नव्हतो?

आता इतक्या वर्षांनी तो कट्टरपणा बराच झिजलाय, आणि कसा झिजला ते लिहायचंय म्हणून ही पोस्ट.

आधी साधं गणित. इंजिनची ताकद शेवटी हवेवर ठरते, पेट्रोल हवं तेवढं शिंपडता येतं पण ते जाळायला हवा पाहिजे. जास्त हवा आत घ्यायचे तीनच मार्ग: सिलिंडर मोठे करा, ते जास्त वेळा भरा म्हणजे आरपीएम वाढवा, किंवा आत जाणारी हवाच दाबून घट्ट करा. तिसरा मार्ग म्हणजे टर्बो, आणि तो फिरवायला वापरतात सायलेन्सरवाटे वाया जाणारा गरम वायू. पेट्रोलमधल्या उर्जेचा साधारण तिसरा हिस्सा एक्झॉस्टमधून बाहेर जातो, त्यातलं थोडं परत मिळवायचं. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 मध्येच याचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे आयडिया मोटरगाडीइतकी नसली तरी जवळपास तेवढीच जुनी.

रस्त्यावरच्या गाडीत यायला मात्र 1962 उजाडलं. ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवर्ले कॉर्व्हेर स्पायडर, दोन्ही त्याच वर्षीच्या. जेटफायरची गंमत अशी की दाबलेली हवा गरम होते, गरम हवेने नॉकिंग होतं म्हणजे पेट्रोल अवेळी पेटतं, ते टाळायला तिच्यात डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायची सोय होती, वेगळी टाकी भरायची. लोक ती टाकी भरायला विसरायचे आणि टाकी रिकामी झाली की गाडी बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, कमी करून टाकायची. म्हणजे पुस्तिका न वाचणारे माझे पूर्वज 1962 पासून आहेत हे वाचून मला फार हलकं वाटलं.

रेसिंगमध्ये खरी ठिणगी पडली 1977 ला इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला. फॉर्म्युला वनचा नियम 1966 पासून असा होता की एनए इंजिन 3 लिटरचं, आणि सुपरचार्ज्ड (म्हणजे हवा दाबून भरणारं, टर्बोही त्यातच) असेल तर 1.5 लिटर. अर्ध्या आकाराचं इंजिन कोण कशाला घेईल म्हणून अकरा वर्षं त्या ओळीकडे कोणी गांभीर्याने बघितलंच नाही. रेनोने बघितलं. त्यांची पिवळी गाडी रेसमध्ये वरचेवर पांढरा धूर सोडत थांबायची म्हणून बाकीच्यांनी तिचं नाव ठेवलं पिवळी चहाची किटली. हसले खूप. पण 1979 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीला त्याच टीमच्या जाबुईने पोल (सुरुवातीची सगळ्यांत पुढची जागा) घेतली, आणि ती तिथेच मिळाली यात मोठी गोम आहे. ते सर्किट समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटरवर आहे, हवा विरळ. तिथे एनए इंजिनं आपसूक धापा टाकतात कारण त्यांना वातावरण देईल तेवढंच मिळतं, टर्बो काय करतो, थोडा जास्त फिरतो आणि कमी पडलेली हवा भरून काढतो. हसणारे तिथून हळूहळू गप्प व्हायला लागले असणार.

मग त्याच वर्षी दिजों. फ्रेंच ग्रां प्री, 1 जुलै 1979. टर्बो गाडीचा फॉर्म्युला वनमधला पहिला विजय, फ्रेंच ड्रायव्हर, फ्रेंच गाडी, फ्रान्समध्ये. आणि कोणाच्याही लक्षात काय आहे? दुसऱ्या नंबरची मारामारी. जिल व्हिलनव्हची फेरारी आणि रेने आर्नूची दुसरी रेनो, शेवटच्या काही लॅप्समध्ये चाकाला चाक घासत, एकमेकांना ढकलत, एक बाहेर घसरतोय तो परत येतोय, दोघंही सोडायला तयार नाहीत. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितलाय त्याला गणती नाही. पण तो माझ्यासाठी अनेक वर्षं नुसता दोन वेड्या माणसांचा व्हिडिओ होता. एकदा उशिरा रात्री बघताना डोक्यात प्रकाश पडला की अरे, ही फेरारी 3 लिटर फ्लॅट-12 (बारा सिलिंडर) एनए आणि ती रेनो 1.5 लिटर टर्बो V6 (सहा सिलिंडर), म्हणजे सगळा वाद जो आपण आयुष्यभर घालतोय तो इथे दोन मिनिटांत चाललाय! तेव्हापासून मी ड्रायव्हर सोडून इंजिनं बघायला लागलो. व्हिलनव्ह कोपऱ्यातून निघताना पाय दाबतो तेव्हाच ताकद मिळते, आर्नूला ती मिळते पण जरा थांबून, आणि मिळाली की मग गठ्ठ्याने मिळते. व्हिलनव्ह पाव सेकंदाने पुढे राहिला. एनए जिंकलं असं मी तेव्हा मनात म्हटलं, आणि पहिल्या नंबरला कोण होतं ते सोयीस्कर विसरलो.

या थांबण्याला टर्बो लॅग म्हणतात. पाय सोडला की एक्झॉस्ट मंदावतो, चाकाचा वेग उतरतो, परत पाय दाबला की आधी वायू वाढणार, मग टर्बाइन वेग घेणार, मग कंप्रेसर हवा दाबणार, मग ती हवा पाइपांतून, तिला थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून फिरून सिलिंडरला पोचणार. त्या काळात या सगळ्याला सेकंद-दीड सेकंद सहज जायचा. सव्वादोनशेच्या स्पीडला एक सेकंद म्हणजे साठ मीटरच्या वर रस्ता! म्हणून तेव्हाचे ड्रायव्हर कोपऱ्याच्या मध्यावर पोचायच्या आधीच ॲक्सिलरेटर दाबायचे, म्हणजे गाडी अजून वळतेय, पुढचं दिसत नाहीये, आणि तुम्ही ताकदीची ऑर्डर आत्ताच देऊन ठेवायची, ती तुम्ही सरळ झालात की नेमकी यायला हवी, अलीकडे आली तर गाडी गिरकी घेणार, पलीकडे आली तर मागचा पुढे जाणार. मी याला कित्येक वर्षं इंजिनचा दोष म्हणत आलो. दोष आहेच. पण तो सांभाळून जिंकणाऱ्यांना मी कमी लेखलं ही माझी चूक. पुढचं ओळखून आधी पाय टाकणं हेही ड्रायव्हिंगच आहे, कदाचित जास्तच.

पुढचं दशक टर्बोवाल्यांचं. 1983 ला नेल्सन पिके टर्बो गाडीतला पहिला चॅम्पियन झाला, ब्रॅबम-बीएमडब्ल्यू. ते इंजिन म्हणजे 1.5 लिटरचं चार सिलिंडरी, ब्लॉक रस्त्यावरच्या बीएमडब्ल्यूचा, ओतीव लोखंडी. पुढे 1986 पर्यंत क्वालिफायिंगला (रेसआधी जागा ठरवणाऱ्या लॅप्सना) बूस्ट पाच बारच्या वर जायचा आणि 1300 च्या पुढे हॉर्सपॉवर निघायची असं सांगतात. 1.5 लिटरमधून! एक-दोन लॅप आणि इंजिन भंगारात. मग नियम करणारी संस्था फिया आली झाकण लावायला: 1984 ला 220 लिटर पेट्रोल, 1986 ला 195, 1987 ला बूस्ट 4 बार, 1988 ला 2.5 बार आणि 150 लिटर. त्या वर्षी एनएवाल्यांना पेट्रोलचं बंधन नाही. एवढं बांधूनही 1988 ला टर्बो होंडावाल्या मॅक्लॅरेनने 16 पैकी 15 रेस मारल्या. 1989 पासून टर्बो बंदच.

इथे मला भेटला गॉर्डन मरे, म्हणजे वाचनात भेटला. पिकेची ती 1983 ची ब्रॅबम त्याने डिझाइन केलेली, इंजिन बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशचं. 1988 ला तो मॅक्लॅरेनचा टेक्निकल डायरेक्टर. म्हणजे टर्बोतलं जे काही शिखर होतं तिथे हा माणूस स्वतः उभा होता. आणि रस्त्यावरची गाडी करायची वेळ आली, मॅक्लॅरेन एफवन, तेव्हा त्याने काय घेतलं? 6.1 लिटरचं एनए V12. ते बनवलं परत त्याच पॉल रोशने. हजार हॉर्सपॉवरचे टर्बो ज्यांनी हाताळले त्याच दोघांनी स्वतःच्या आवडीच्या गाडीत टर्बो घातला नाही. माझ्यातल्या एनएवाल्याला याच्याइतका मोठा पुरावा कधी मिळाला नव्हता, दोन वर्षं मी हा प्रत्येक वादात फेकत होतो. पुढे 2020 ला मरेने टी.50 दाखवली, 3.9 लिटर कॉसवर्थ V12, एनए, 12,100 आरपीएम.

पण पुरावा नीट बघितला की तो फिरतो. मरेला रेसमध्ये टर्बो पाहिजे होता कारण रेसमध्ये नियम होता. रस्त्यावर त्याला नियम नव्हता, म्हणून आवड उरली.

माझ्या लाडक्या ओरडणाऱ्या इंजिनांचंही तेच आहे. 1989 नंतरची 3.5 लिटर, मग 3 लिटरची V10, 2006 पासून 2.4 लिटरची V8. टर्बो बंद, म्हणजे हवा दाबायचा रस्ता बंद. आकार ठरलेला, म्हणजे सिलिंडर मोठे करायचा रस्ता बंद. तीनपैकी दोन दारं लावली की उरलं काय, आरपीएम. मग 14 हजार, 17 हजार, 19 हजार, 2006 ला कॉसवर्थचं V8 तर 20 हजारांपर्यंत गेलं. तो जो आवाज ऐकून अंगावर काटा येतो ना, तो नियमाच्या पुस्तकातनं आलेला आवाज आहे. कोणीही संगीत म्हणून लिहिला नव्हता. नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणे! 18 हजार आरपीएमला पिस्टन सेकंदाला 300 वेळा वरखाली होतो, व्हॉल्व्ह सेकंदाला 150 वेळा उघडमीट करतो, यात नॅचरल काय आहे?

आणि त्या व्हॉल्व्हची तर वेगळीच गोष्ट. इतक्या वेगाला लोखंडी स्प्रिंग थरथरायला लागते, व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही. म्हणून स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू वापरतात, न्यूमॅटिक व्हॉल्व्ह. ते तंत्र नसतं तर V10 ची किंकाळीच नसती. फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदा कुठल्या इंजिनात आलं? 1986 च्या रेनो V6 मध्ये, सेन्ना चालवायचा त्या लोटसमध्ये. टर्बो इंजिन! हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः टेबलावरच्या त्या भंगाराकडे बघितलं आणि सॉरी म्हटलं. एनएच्या गळ्यात जो सूर आहे तो टर्बोवाल्यांनी दिलेला.

सुराचं गणितही मी एकदा कागदावर केलं, करून बघा, मजा येते. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. V10 ला 18 हजारांवर सेकंदाला 1500 स्फोट. V8 ला तेवढ्याच आरपीएमवर 1200. 2014 नंतरच्या 1.6 लिटर टर्बो V6 ला 12 हजारांवर फक्त 600. नियमाने त्यांना 15 हजारांपर्यंत जायची परवानगी होती, पण कोणी फारसं वर जायचं नाही, कारण पेट्रोलचा प्रवाह तासाला 100 किलोवर बांधलेला आणि तो पूर्ण 10,500 आरपीएमलाच मिळून जायचा, त्याच्या वर फिरवलं तर पेट्रोल तेवढंच आणि घर्षण जास्त. त्यात टर्बाइन मध्ये बसून एक्झॉस्टचे धक्के पिऊन टाकतं. 2014 च्या मे महिन्यात मर्सिडीजने बार्सिलोनाच्या टेस्टला सायलेन्सरच्या टोकाला चक्क भोंगा लावून बघितला, सनई-चौघड्यातल्या सनईसारखा. फोटो बघून मी पोट धरून हसलो होतो. आवाज काही वाढला नाही.

मरेच्या टी.50 चं गणित केलं तर 12,100 ला सेकंदाला 1210 स्फोट येतात, म्हणजे जवळजवळ जुन्या V8 फॉर्म्युला वनचा सूर. बारा सिलिंडर घेतले की ओरडायला 18 हजार लागत नाहीत.

बरं, मग आता मी टर्बोवाला झालो का? नाही. रस्त्यावरच्या गाड्यांत मला अजून एनएच आवडतं आणि कारण आवाज नाहीच आहे. कारण पाय. होंडा एस2000 चं 2 लिटरचं इंजिन, 9,000 ला रेडलाइन (त्याच्या वर फिरवायचं नाही), खाली काहीच ओढत नाही, सहा हजार पार झाले की जागं होतं. म्हणजे ते तुम्हाला कामाला लावतं, गिअर खाली घ्या, थांबा, चढू द्या, मग देतो. लेक्सस एलएफएचं V10 आयडलपासून 9,000 पर्यंत 0.6 सेकंदात जातं, काट्याला तेवढा वेग जमत नाही म्हणून त्यांनी स्क्रीनवरचा काटा घेतला. आजच्या टर्बो गाड्यांना मात्र दोन हजारांपासून सगळं सपाट मिळतं, छोटे टर्बो, हलकी चाकं, लॅग जवळपास गेलाच म्हणा, गाडी सुसाट जाते, फक्त वर चढवायला काही कारणच राहत नाही.

आणि हे बनवणाऱ्यांनाही कळतं. फेरारीने 458 चं 4.5 लिटर एनए सोडून 2015 ला 488 मध्ये 3.9 लिटर ट्विन टर्बो दिलं, ताकद 570 वरून 670 हॉर्सपॉवर, आणि मग मुद्दाम खालच्या गिअर्समध्ये टॉर्क (ओढायचा जोर) कापला, पूर्ण 760 न्यूटन-मीटर फक्त सातव्यात. का? आरपीएमबरोबर जोर वाढतोय असं वाटावं म्हणून, म्हणजे टर्बोने एनएची नक्कल करावी म्हणून. बीएमडब्ल्यूने 2011 च्या एम5 मध्ये तर इंजिनचा आवाज स्पीकरमधून आत सोडला. एवढ्या खटपटी करून हे लोक एनए सोडतात ते हौसेने नाही, धुराड्यातून किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड येतो त्याच्या टेस्टमुळे, टेस्टमध्ये गाडी हळू चालवतात आणि हळू चालताना छोटं इंजिन कमी पितं. परत नियमाचंच पुस्तक, फक्त दुसऱ्या ऑफिसातलं.

बुगाटीने मात्र उलटं केलं, चार टर्बोचं W16 सोडून 2024 च्या टूर्बियोंला 8.3 लिटरचं एनए V16 आणि सोबत इलेक्ट्रिक मोटर. खालचा जोर मोटर देते, त्यामुळे टर्बोची गरजच संपली. दुसरीकडे पोर्शने नव्या 911 जीटीएसमध्ये टर्बोच्या दांड्यावरच छोटी मोटर बसवली, चाक एक्झॉस्टची वाट न बघता फिरतं. फॉर्म्युला वनने 2014 पासून हेच वापरलं आणि 2026 च्या नियमांत काढून टाकलं. कोण कुठल्या दिशेला चाललंय ते मला तरी आता सांगता येत नाही.

मागे बेल्जियममधल्या स्पाची 24 तासांची रेस लावली होती. या जीटी3 रेसमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या रेसगाड्यांच्या, सगळे एकत्र पळत होते, पोर्शचं एनए फ्लॅट-6, लॅम्बोर्गिनीचं V10, मर्सिडीजचं 6.2 लिटर V8, आणि त्यांच्यात टर्बोवाले बीएमडब्ल्यू, ॲस्टन, फेरारी. एनएवाल्यांच्या तोंडाला हवा अडवणारा रिस्ट्रिक्टर, टर्बोवाल्यांना बूस्टचा तक्ता, म्हणजे सगळ्यांची हवा मोजून दिलेली. रात्री तीनला मी खोलीतला दिवा घालवला, स्क्रीन पालथी घातली, हेडफोन लावले. मित्र चॅटवर होता, तोही जागा, पण त्याला चित्र दिसत होतं. खेळ असा की ट्रॅकसाइडच्या माइकवरून गाडी गेली की मी आवाजावरून ओळखायचं आणि तो बरोबर-चूक सांगणार.

मर्सिडीज डोळे झाकून, म्हणजे झाकलेच होते, तो गडगडाट कोणीही सांगेल. पोर्श, करवतीसारखी, सोपी. बीएमडब्ल्यू पण ओळखली, पाय सोडल्यावर ती फुसफुसते. आठपैकी आठ झाले. मग एक आली लांबून, बारीक, चढत गेलेली, गिअर बदलताना तुटून परत वर चढणारी, अगदी स्वच्छ. मी लगेच टाइप केलं, एनए, नक्की एनए, लॅम्बोर्गिनी असणार, काय सूर आहे बाबा.

तिकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग आलं: फेरारी 296. म्हणजे V6. म्हणजे दोन टर्बो.

मी स्क्रीन सरळ केली, अर्धा मिनिट मागे घेतलं, परत ऐकलं. परत एनएच वाटलं.